फोटोवरून जमतं, समोरून नाही: कला महाविद्यालयात परतलेल्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण

ही नोंद मी शिकवत असलेल्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीची आहे. त्यांच्या परवानगीने लिहिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे 'बाई' म्हटले आहे. पहिल्या दिवशी त्या वर्गात आल्या तेव्हा मुलांनी त्यांनाच शिक्षिका समजून सबमिशनची तारीख विचारली होती. तेव्हापासून ते नाव चिकटले, पुढे त्याचे 'ताई' झाले.

पार्श्वभूमी

प्रवेश घेतला तेव्हा बाई ४६ वर्षांच्या होत्या. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून २३ वर्षे नोकरी झालेली. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्ट्या पाहायच्या, शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि त्यांत न्यूट्रोफिल किती, लिम्फोसाइट किती, मोनोसाइट किती ते लिहायचे. पेशी नजरेसमोर आली की सेकंदाच्या आत तिचे नाव डोक्यात उमटते, असे त्या सांगत. या वेगाचा पुढे संबंध येणार आहे.

चित्रकला शाळेत आवडायची, पण विज्ञानाला गेल्यावर सुटली. मुलगी शिकायला बाहेर पडली, संध्याकाळ रिकामी झाली, तेव्हा त्यांनी पुन्हा पेन्सिल हातात घेतली. तीन वर्षे घरी बसून फोटोवरून पोर्ट्रेट काढली. पद्धत नेहमीची: फोटोवर चौकोन आखायचे, कागदावर तेवढेच मोठे चौकोन आखायचे आणि एकेक चौकोन भरत जायचे. अर्जासोबत दिलेल्या पोर्टफोलिओत अशी १४ चित्रे होती. पापण्यांचा एकेक केस वेगळा काढलेला, ओठांवरची चमक कागदाचा पांढरा भाग राखून दाखवलेली. प्रवेश समितीत मी होते. आम्ही तिघेही त्या पापण्यांवर खूश झालो. यातले एक तरी चित्र समोर वस्तू किंवा माणूस ठेवून काढले आहे का, हे कुणी विचारले नाही. मीही नाही.

अर्जात 'हे शिक्षण कशासाठी' या रकान्यात त्यांनी लिहिले होते, 'वैद्यकीय चित्रे काढायची आहेत.' विचार चुकीचा नव्हता. सूक्ष्मदर्शक आणि पेन्सिल यांचे नाते जुने आहे. स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांना लहानपणी चित्रकार व्हायचे होते, वडिलांनी डॉक्टर केले. पुढे त्यांनी मेंदूतल्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकातून पाहून कागदावर उतरवल्या आणि १९०६ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ गॉल्जी यांच्यासह नोबेल मिळवले. त्यांची रेखाटने आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात. बाईंच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर त्यातल्या एकाची प्रत काचेखाली होती.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा अर्धवेळ पदविकेचा, चार सत्रांचा. आठवड्यात चार संध्याकाळी तीन-तीन तास. त्यांनी कामाची पाळी सकाळची मागून घेतली.

अडचण कुठे आली

पहिले सत्र छान गेले. वस्तुचित्र, रंगाचा अभ्यास, डिझाइनची मूलतत्त्वे. ड्रॉइंगला मी त्यांना १०० पैकी ७८ गुण दिले. वर्गात सुरू केलेले वस्तुचित्र घरी पूर्ण करायची मुभा होती, आणि बाई निघताना मांडणीचा मोबाइलवर फोटो घेत. ते मला दिसत होते. घरी जाऊन चौकोन आखले जात असणार हे कळतही होते. पण आलेले काम वर्गात सगळ्यांत स्वच्छ असायचे, आणि ३० जणांचे गठ्ठे तपासताना स्वच्छ कामाला गुण द्यायला हात चटकन पुढे होतो.

दुसऱ्या सत्रात जिवंत मॉडेल समोर आला. ३० सेकंदांच्या पोझ, मग दोन मिनिटांच्या, शेवटी २० मिनिटांची एक. मोबाइल वर्गाबाहेर.

पहिल्या आठवड्यातला त्यांचा कागद मी जपून ठेवला आहे. २० मिनिटांची पोझ होती, मॉडेल एका पायावर भार देऊन उभा. कागदाच्या वरच्या मध्यावर तळहाताएवढे डोके, त्यात डावा डोळा पूर्ण झालेला, बुबुळातल्या उजेडाच्या ठिपक्यासकट. उजव्या डोळ्याची नुसती वरची कड. मान सरळ खाली आलेली, एका खांद्याची रेघ निघून कागदाच्या कडेला जाऊन अडलेली. पाय नाहीत, कारण पायांना जागाच उरली नव्हती. आणि डोळ्याच्या आसपास खोडरबरने इतके घासलेले की कागदाला लव आली होती.

मी विचारले, काय होतंय? त्या म्हणाल्या, "मॅडम, फोटो थांबतो. हा माणूस श्वास घेतो."

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण चौकोनांच्या पद्धतीला नावे ठेवायची फॅशन आहे. इटलीतल्या आल्बेर्ती या वास्तुकार-लेखकाने १४३५ मध्येच दोऱ्यांच्या जाळीचा पडदा चित्रकार आणि वस्तू यांच्यामध्ये टांगण्याची युक्ती लिहून ठेवली आहे. युरोपातल्या जुन्या अकादम्यांमध्ये विद्यार्थी आधी छापील चित्रांवरून नकला करत, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून काढत, आणि त्यानंतरच त्यांना जिवंत मॉडेलसमोर बसू देत. नक्कल ही पहिली पायरी होतीच. फरक असा की आल्बेर्तीच्या जाळीपलीकडे खरी, खोली असलेली वस्तू असायची. फोटोत कॅमेऱ्याने ते काम आधीच उरकलेले असते: एका डोळ्याने, एका क्षणी, सपाट करून. बाई तीन वर्षे त्या उरकलेल्या कामाची उत्तम प्रत काढत होत्या.

माझे निदान तेव्हा असे होते की प्रयोगशाळेतली सवय आड येते आहे. पेशी दिसली की नाव. तसेच माणूस दिसला की 'डोळा', 'नाक', 'बोट'. नाव सुचले की हात त्या नावाचे चित्र काढायला लागतो आणि समोरचे पाहणे थांबते. निदान अर्धे बरोबर होते. उरलेल्या अर्ध्याकडे मी आठ आठवडे पाहिलेच नाही.

पाचव्या आठवड्यात सगळ्यांचे कागद भिंतीवर लावून चर्चा झाली. एका मुलाने, अजिबात वाईट हेतू नसताना, बाईंच्या कागदासमोर उभे राहून विचारले, "हे अर्धवट आहे का?" बाई काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन वर्ग त्या आल्या नाहीत, आणि तिसऱ्याला आल्या त्या प्रवेश रद्द करण्याचा अर्ज घेऊन.

समोर असलेले पर्याय

अर्जावर माझी सही लागणार होती. मी तासभर मागितला. रिकाम्या वर्गात बसून आम्ही चार वाटा कागदावर लिहिल्या.

पहिली, अर्ज देऊन मोकळे व्हायचे. शुल्क परत मिळण्याची मुदत पहिल्या सत्राच्या चौथ्या आठवड्यालाच संपली होती. मी तो मुद्दा काढला तर त्या म्हणाल्या, "गेलेले पैसे मोजू नका. ते थांबूनही गेलेत आणि जाऊनही गेलेत." हिशेब स्वच्छ होता.

दुसरी, डिजिटल इलस्ट्रेशनच्या शाखेत बदली. तिथे संदर्भफोटो वापरणे रोजचेच आहे, हातातले कौशल्य लगेच कामी येईल, वैद्यकीय चित्रांचे कामही बहुतेक पडद्यावरच होते. मी याच वाटेच्या बाजूने होते आणि तसे जोर देऊन बोललेही. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पण तेच तर मला येतं."

तिसरी, आहे तसे रेटायचे आणि ड्रॉइंगमध्ये कसेबसे पास व्हायचे. त्यावर दोन मिनिटेही गेली नाहीत.

चौथी, भार कमी करायचा. बाकीचे विषय पुढे ढकलून ड्रॉइंग तेवढे धरायचे, नापास झाले तर पुन्हा करायचे, पदविकेला जितकी वर्षे लागतील तितकी लागू द्यायची. याची किंमत वेळेत होती, म्हणून त्यांनी आठवड्याचे तास मांडले. नोकरी, येणे-जाणे, घर आणि झोप वजा जाता २१ तास उरत होते. चार विषयांसाठी वर्ग १२ तास आणि घरचे काम निदान १० तास. म्हणजे पहिल्या दिवसापासून एक तास कमीच होता, आणि तो झोपेतून जात होता. हा हिशेब प्रवेशाच्या वेळी ना त्यांनी केला, ना आम्ही करायला लावला.

वयाचा विषयही निघाला. मी नेहमीची उदाहरणे दिली. कांडिन्स्की १८९६ मध्ये ३० व्या वर्षी कायद्याची प्राध्यापकी नाकारून चित्रकला शिकायला म्युनिकला गेला. हेन्री रूसो जकात खात्याची नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार झाला तेव्हा ४९ वर्षांचा होता. बाई हसल्या. त्यांना त्यातल्या कशानेही धीर आला नाही, आणि का यावा? दुसऱ्याचे वय आपल्या कागदावर उतरत नाही. लक्ष दिले ते फक्त व्हॅन गॉगच्या गोष्टीकडे: १८८६ मध्ये ३२ व्या वर्षी तो अँटवर्पच्या अकादमीत दाखल झाला आणि काही आठवड्यांतच त्याला खालच्या, नवशिक्यांच्या ड्रॉइंग वर्गात पाठवायचे ठरले. "मग तो बसला का त्या वर्गात?" त्यांनी विचारले. नाही, तो आधीच पॅरिसला निघून गेला होता. "मी बसेन," त्या म्हणाल्या. आणि चौथी वाट ठरली.

काय केले

दोन संध्याकाळी ड्रॉइंग, एक संध्याकाळ कलेचा इतिहास. बाकी सगळे पुढच्या वर्षावर.

घरी रोज १५ मिनिटे एकच वस्तू: प्रयोगशाळेतले तीन पायांचे लोखंडी स्टूल. पेनने, म्हणजे खोडायचा प्रश्नच नाही. अट अशी की स्टूल काढायचे नाही, पायांमधून दिसणारी मोकळी जागा काढायची. पाय म्हटले की हात आपोआप तीन सरळ, सारख्या काठ्या काढतो. पण दोन पाय आणि आडवी सळई यांच्यामध्ये जो तिरका, एका बाजूला दबलेला चौकोन दिसतो त्याला नाव नाही. नाव नसल्यामुळे तो पाहावाच लागतो. पहिल्या आठवड्यातली स्टुले वरून पाहिल्यासारखी आणि समोरून पाहिल्यासारखी एकाच वेळी दिसतात, बैठक पूर्ण गोल आणि पाय सरळ खाली. पुढे एके दिवशी बैठक चपटी लंबगोल झाली आणि मागचा पाय आपसूक आखूड आला. त्या दिवशी त्यांनी मला रात्री साडेदहाला फोटो पाठवला, खाली काहीही न लिहिता.

स्टूल सुधारले. मॉडेल मात्र होता तिथेच राहिला. दोन मिनिटांच्या पोझमध्ये डोके आणि अर्धा खांदा, याच्या पुढे गाडी जाईना. मी स्वतःशी म्हणायला लागले होते की काहींना नाही जमत.

आठव्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मॉडेलच त्यांना म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्याकडे चष्म्यावरून बघता आणि कागदाकडे चष्म्यातून. मान सारखी वरखाली होते तुमची. दुखत नाही?"

मी पुढची पोझ संपेपर्यंत फक्त बाईंकडे पाहत राहिले. बोर्ड मांडीवर, कागद डोळ्यांपासून वीतभराहून थोडा जास्त लांब. मॉडेल तीन-साडेतीन मीटरवर. जवळचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वर पाहायचे तर हनुवटी खाली घेऊन काचेवरून, खाली पाहायचे तर मान मागे घेऊन काचेतून. दर वेळी नजर नव्याने जुळवायला क्षण-दोन क्षण जात होते, आणि जुळेपर्यंत मघाशी पाहिलेली रेघ डोक्यातून गेलेली. दोन मिनिटांत त्यांनी मॉडेलकडे पाच वेळा पाहिले. शेजारची १९ वर्षांची मुलगी सतत वरखाली पाहत होती, मला मोजताही आले नाही.

चाळिशीनंतर डोळ्याचे भिंग ताठर होत जाते आणि जवळचे पाहायला चष्मा लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मग २३ वर्षे डोळ्यांवर पोट असलेल्या बाईंच्या हे लक्षात कसे आले नाही? कारण सूक्ष्मदर्शकात दिसणारी प्रतिमा डोळ्याला दूरवर असल्यासारखी पडते आणि उरलेले फोकसच्या बटणावर भागते. तिथे जवळच्या चष्म्याची गरज पडत नाही. फोटोवरून काढताना फोटो आणि कागद दोन्ही शेजारी, एकाच अंतरावर. तिथे एकच चष्मा पुरतो. म्हणजे त्यांनी आजवर ज्या दोन ठिकाणी डोळे वापरले, त्या दोन्ही ठिकाणी ही अडचण दिसायला वावच नव्हता.

उपाय साधा निघाला. मांडीवरचा बोर्ड बंद. ईझलसमोर, म्हणजे कागद उभा धरणाऱ्या घोडीसमोर, उभे राहायचे, कागद एक हात लांब. कागद दुप्पट मोठा, पेन्सिलीऐवजी चारकोल, रेघ मनगटातून नाही तर खांद्यातून. नेत्रतपासनिसाकडून त्या अंतरासाठी कमी नंबरचा वेगळा चष्मा. त्या चष्म्यातून कागद स्वच्छ दिसे आणि मॉडेल किंचित धूसर. हे धूसर दिसणे वरदान ठरले. चित्रकार मुद्दाम डोळे बारीक करून पाहतात ते याचसाठी: बारकावे विरतात, उजेड आणि सावलीचे मोठे तुकडे उरतात. बाईंना मॉडेलच्या पापण्या दिसेनाशा झाल्या.

दहाव्या आठवड्यात त्यांच्या कागदावर पहिल्यांदा पाऊल उमटले. नीट पाऊल नव्हे, एक काळा पाचरीसारखा डाग. पण ज्या पायावर भार होता तोच जमिनीला टेकला होता.

काय झाले

त्या सत्रात त्या ड्रॉइंगमध्ये नापास झाल्या. आधीच्या आठ आठवड्यांचे काम भरून निघण्यासारखे नव्हते. पुढच्या वर्षी विषय पुन्हा केला आणि ६१ गुण मिळाले. पदविकेला दोनऐवजी साडेतीन वर्षे लागली.

मधल्या काळात प्रयोगशाळेत पर्यवेक्षकाची जागा आली होती. ती घेतली असती तर संध्याकाळी थांबावे लागले असते, म्हणून त्यांनी सोडली. त्यांच्याहून सहा वर्षांनी कनिष्ठ सहकारी आता त्यांच्या रजा मंजूर करते. याची भरपाई कशानेही झालेली नाही, आणि झाली असे त्या म्हणतही नाहीत.

वैद्यकीय चित्रकार त्या झाल्या नाहीत. शेवटच्या वर्षापर्यंत तो विचार मागे पडला होता. शेवटच्या प्रदर्शनात त्यांनी सहकाऱ्यांच्या हातांची अकरा रेखाटने लावली: पिपेट धरलेला अंगठा, हातमोजा ओढताना ताणलेली बोटे, काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवताना ४५ अंशांच्या आसपास धरलेली दुसरी काच. सगळी जागेवर, कामाच्या मधल्या फटींमध्ये काढलेली, कुणालाही थांबायला न सांगता. काहींमध्ये एका हाताला सहा-सात बोटे आहेत, कारण हात हलला आणि त्यांनी आधीची रेघ खोडली नाही.

काय वेगळे करता आले असते

प्रवेशाच्या वेळी आता आम्ही उमेदवाराला समोरची एखादी वस्तू २० मिनिटे काढायला देतो. नाकारण्यासाठी नाही, कुठून सुरुवात करायची ते कळण्यासाठी. बाईंच्या वेळी हे केले असते तर पहिले सत्र वाया गेले नसते.

शुल्क परत मिळण्याची मुदत पहिल्या सत्राच्या चौथ्या आठवड्याला संपते आणि जिवंत मॉडेल दुसऱ्या सत्रात येतो. म्हणजे हा अभ्यासक्रम आपल्याला झेपेल का, हे कळायच्या आतच दार बंद होते. मॉडेलचे दोन वर्ग पहिल्या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात घ्यावेत असे मी दोनदा लिहून दिले आहे. कार्यालयाचे म्हणणे, वेळापत्रकात बसत नाही.

चाळिशीपुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आता पहिल्याच दिवशी विचारते: कागद किती लांब, मॉडेल किती लांब, चष्मा कुठल्या अंतराचा? प्रश्न ऐकून लोक बुचकळ्यात पडतात. पण आठ आठवडे मी एका बाईच्या 'पाहण्याच्या सवयी'बद्दल सिद्धान्त मांडत होते आणि तिच्या नाकावरचा चष्मा मला दिसला नव्हता. सुधारणा स्टुलामुळे झाली, चष्म्यामुळे झाली की विषय कमी केल्यावर मिळालेल्या झोपेमुळे, हे मी आज सुटे करून सांगू शकत नाही. तिन्ही एका महिन्यात एकमेकांत मिसळले.

डिजिटल शाखेचा माझा आग्रह चुकीचा होता का, याबद्दल मी अजून डळमळीत आहे. त्या तिकडे गेल्या असत्या तर कदाचित आज त्यांच्या हातात पैसे देणारे काम असते.

पहिल्या सत्रातल्या ७८ गुणांबद्दल मात्र आमचे एकमत होत नाही. माझ्या मते ते मी द्यायला नको होते. तिथेच थांबवून फोटो बंद करायला हवा होता. बाईंना ही नोंद वाचायला दिली तेव्हा त्यांनी एवढ्याच परिच्छेदावर खूण केली. समासात लिहिले, "तेव्हा ४० दिले असतेत, तर मी मॉडेलपर्यंत पोचलेच नसते."